सुपरसिमेट्री मोडते कुठे, आणि त्यावर कृष्णद्रव्याचं काय अवलंबून आहे?

प्रश्न असा आहे: ‘लार्ज हेड्रॉन कोलायडर इतकी वर्षं चालतोय, तरी सुपरसिमेट्रीचा एकही कण दिसला नाही. मग हा सिद्धांत आता निकालात काढायचा का? आणि कृष्णद्रव्य सुपरसिमेट्रीच्याच एखाद्या कणाचं बनलेलं असेल असं जे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, त्याचं काय?’

माझी उमेदीची वर्षं याच विषयात गेली, म्हणून आधी सरळ उत्तर देते. सुपरसिमेट्री आहे की नाही हे प्रयोगांनी अजून ठरवलेलं नाही. ती कशी मोडली असेल याच्या अनेक शक्यता मात्र त्यांनी बाद केल्या आहेत. बाद झालेल्यांत आम्हाला सर्वांत स्वाभाविक वाटणाऱ्या शक्यता होत्या, त्यामुळे हा धक्का खरा आहे आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही. कृष्णद्रव्याचा, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या आणि फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा, कण कोणता, किती जड आणि कुठे शोधायचा, हेसुद्धा सममिती मोडण्याच्या पद्धतीवरच ठरतं. सगळी मेख ‘मोडणे’ या गोष्टीत आहे, आणि लोकप्रिय लेखांमध्ये नेमकी तीच वगळली जाते. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सुपरसिमेट्री म्हणते की प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार असतो. त्याचा विद्युतभार तोच, वस्तुमान तेच, फक्त स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) अर्ध्याने वेगळा. इलेक्ट्रॉनचा जोडीदार सिलेक्ट्रॉन, क्वार्कचा स्क्वार्क, ग्लुऑनचा ग्लुइनो, हिग्जचा हिग्जिनो. ही सममिती तंतोतंत पाळली गेली असती तर इलेक्ट्रॉनइतक्याच, ०.५११ एमईव्ही वस्तुमानाचा सिलेक्ट्रॉन असता, आणि मग आपण इथे नसतो. सिलेक्ट्रॉन हा बोसॉन, त्याला पाउलीचा अपवर्जन नियम (एका अवस्थेत दोन सारखे कण बसू शकत नाहीत) लागू नाही. जड अणूंमधल्या बाहेरच्या कक्षांतले इलेक्ट्रॉन सिलेक्ट्रॉन होऊन सर्वांत आतल्या कक्षेत जाऊन बसले असते. आवर्तसारणी उरली नसती, रसायनशास्त्र उरलं नसतं. म्हणजे सममिती असलीच तर ती मोडलेली आहे, याला कोलायडरचा पुरावाही लागत नाही. तो पुरावाही आहेच: जिनिव्हाजवळच्या त्याच बोगद्यात १९८९ ते २००० या काळात लेप हा कोलायडर चालला, आणि सिलेक्ट्रॉन साधारण १०० जीईव्हीपेक्षा हलका नाही हे त्याने दाखवलं. इलेक्ट्रॉनच्या तुलनेत हे जवळपास दोन लाख पट झालं. (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही, ढोबळमानाने एका प्रोटॉनचं वस्तुमान; एक टीईव्ही म्हणजे त्याच्या हजार पट. पुढे ही एककं सारखी येतील.)

आता मोडणं म्हणजे काय? समीकरणांमध्ये सममिती शाबूत असते, पण विश्व ज्या किमान ऊर्जेच्या अवस्थेत स्थिरावतं ती निर्वात अवस्था ती सममिती पाळत नाही. सुपरसिमेट्रीच्या बाबतीत यात एक खास गंमत आहे. गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवलं, तर निर्वाताची ऊर्जा बरोबर शून्य असेल तेव्हाच सममिती टिकते. ती शून्यापेक्षा जरा जरी जास्त झाली की सममिती मोडली. म्हणून सगळा प्रश्न इतकाच उरतो की ही ऊर्जा शून्यावरून वर कशाने उचलली जाते. त्याची साधी उदाहरणं १९७४ मध्ये फाये आणि इलिओपुलोस यांनी आणि १९७५ मध्ये ओ’राफर्टी यांनी दिली. पुढे १९८१ मध्ये एडवर्ड विटन यांनी एक फार महत्त्वाचा मुद्दा मांडला. सममिती मोडण्याचं कारण एखाद्या प्रबल बलाच्या अतिसूक्ष्म क्वांटम परिणामांत असेल, तर मोडण्याची ऊर्जापातळी प्लँक पातळीपेक्षा (जिथे गुरुत्वाकर्षणाचेही क्वांटम परिणाम मोठे होतात त्या ऊर्जेपेक्षा) आपोआपच कोट्यवधी पट खाली येऊ शकते. लहान संख्या हाताने घालावी लागत नाही. सिद्धांतातली मला सर्वांत सुंदर वाटणारी जागा आजही हीच आहे.

पण लगेच एक भिंत आडवी येते. १९७९ मध्ये फेरारा, जिरार्देल्लो आणि पालुम्बो यांनी वस्तुमानांचा एक नियम सिद्ध केला. लूपच्या, म्हणजे क्वांटम परिणामांच्या, दुरुस्त्या सोडून दिल्या, तर बोसॉनांच्या वस्तुमानांच्या वर्गांची भारित बेरीज आणि फर्मिऑनांची (पाउलीचा नियम पाळणाऱ्या, इलेक्ट्रॉन-क्वार्कांसारख्या कणांची) तशीच बेरीज सारखी राहते, सममिती मोडल्यावरसुद्धा. याचा अर्थ असा की आपल्या ओळखीच्या क्वार्क-लेप्टॉनांमध्येच (लेप्टॉन म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याचे नातलग) सममिती थेट मोडू दिली, तर काही जोडीदार जड होतील खरे, पण काही आपल्या क्वार्कांपेक्षा हलके होतील. हलका स्क्वार्क निसर्गात नाही. त्यामुळे एकच वाट उरते: सममिती दुसरीकडे, आपल्याशी जवळपास संबंध नसलेल्या कणांच्या एका गटात मोडते आणि तिची खबर कुणीतरी मध्यस्थ आपल्यापर्यंत आणतो. त्या गटाला छुपं क्षेत्र म्हणतात. आपल्याला कधी काळी दिसलीच तर ती मध्यस्थाने आणलेली खबर दिसेल, मूळ घटना नाही.

मध्यस्थ कोण, यावर सगळं पुढचं ठरतं. गुरुत्वाकर्षण हा एक मध्यस्थ, १९८२ पासूनचा सर्वांत अभ्यासलेला. त्यात जोडीदारांचं वस्तुमान ढोबळमानाने मोडण्याच्या पातळीचा वर्ग भागिले प्लँक वस्तुमान इतकं येतं. मोडण्याची पातळी १० चा ११वा घात जीईव्ही धरा, वर्ग करा, आणि २.४ गुणिले १० चा १८वा घात याने भागा. उत्तर सुमारे ४ टीईव्ही येतं. कोलायडरच्या टप्प्यातल्या कणांचं मूळ असं त्याच्या कोट्यवधी पट वरच्या ऊर्जेत दडलेलं असू शकतं. दुसरा मध्यस्थ म्हणजे आपलीच विद्युतक्षीण आणि प्रबल बलं. यात मोडण्याची पातळी १० चा ५वा घात जीईव्ही इतकी खालीही चालते. तिसऱ्या प्रकारात, ज्याचा शोध १९९८ मध्ये लागला, खबर क्वांटम विसंगतीतून येते. ती कायमच असते, पण क्षीण असते. बाकी कुणी मध्यस्थ नसेल तेव्हाच तिचा आवाज ऐकू येतो, आणि मग ग्लुइनो, विनो (डब्ल्यू बोसॉनचा जोडीदार) यांसारखे कण ग्रॅव्हिटिनोपेक्षा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वाहक कणाच्या जोडीदारापेक्षा, दहापटींपासून शेकडो पटींपर्यंत हलके राहतात.

मध्यस्थ माहीत नाही हे मान्य करून सगळ्या शक्यता उघड्या ठेवल्या, तर किमान सुपरसिमेट्रिक मॉडेलमध्ये १०५ नवे मुक्त आकडे येतात. हे ऐकून लोक म्हणतात की इतक्या आकड्यांत काहीही बसवता येईल. प्रत्यक्षात उलट अडचण आहे. ते आकडे मनमानी असते तर के-मेसॉन आणि त्याचा प्रतिकण यांच्यातली अदलाबदल आज मोजली आहे त्याच्या कितीतरी पट झाली असती. म्युऑनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावाचं, इलेक्ट्रॉन आणि फोटॉनमध्ये विघटन सहज दिसलं असतं. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेतला मेग-२ प्रयोग सांगतो की असं विघटन दहा लाख कोटी म्युऑनांत दोनदाही होत नाही. इलेक्ट्रॉनचा विद्युत द्विध्रुव आघूर्ण आजवर शून्याहून वेगळा आढळलेला नाही. म्हणजे कोलायडर सुरू होण्याच्या आधीपासूनच निसर्ग आम्हाला सांगत होता की एक तर मध्यस्थ तिन्ही पिढ्यांच्या क्वार्क-लेप्टॉनांना काटेकोरपणे समान वागणूक देतो, किंवा स्क्वार्क आणि स्लेप्टॉन (लेप्टॉनांचे जोडीदार) फार जड आहेत. दुसऱ्या शक्यतेकडे आम्ही पुरेसं गांभीर्याने पाहिलं नाही, कारण आम्हाला जोडीदार हलके हवे होते.

हलके का हवे होते, तर हिग्जमुळे, म्हणजे मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राच्या कणामुळे. हिग्जचं वस्तुमान क्वांटम दुरुस्त्यांना फार संवेदनशील असतं. टॉप क्वार्कसारखे जड कण त्याला वर खेचत नेतात, पार प्लँक पातळीपर्यंत. जोडीदार कणांच्या दुरुस्त्या उलट्या चिन्हाच्या असतात, त्यामुळे हा ताण कटतो. पण कणाचं आणि जोडीदाराचं वस्तुमान जवळपास सारखं असेल तोवरच नीट कटतो. जोडीदार जितका जड, तितकी न कटलेली बाकी मोठी. टॉपचा जोडीदार स्टॉप एक टीईव्हीच्या आसपास असावा ही अपेक्षा इथून आली.

मग ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज जाहीर झाला, वस्तुमान १२५ जीईव्ही. ज्यांनी हा हिशेब आधी केला होता त्यांना त्या दिवशीच कळलं की गोष्ट सोपी राहिलेली नाही. किमान मॉडेलमध्ये लूप सोडून हिग्ज झेड बोसॉनपेक्षा (क्षीण बलाच्या एका वाहक कणापेक्षा) जड असूच शकत नाही. झेड ९१.२ जीईव्हीचा आहे. वस्तुमानांचे वर्ग घ्या: १२५ चा वर्ग १५,६२५, आणि ९१.२ चा वर्ग सुमारे ८,३१७. फरक ७,३०८. म्हणजे ‘दुरुस्ती’ जवळपास मूळ रकमेइतकीच मोठी लागते. ती मुख्यतः स्टॉपकडून येते आणि स्टॉपच्या वस्तुमानाच्या लॉगरिदमने, म्हणजे फार हळू वाढते. टॉपला स्टॉप दोन असतात; त्या दोघांचं मिश्रण भरपूर नसेल, तर त्यांना दहा टीईव्हीच्या आसपास न्यावं लागतं. पण तिथे नेलं की झेडचं वस्तुमान ९१ वर आणण्यासाठी मोठमोठ्या दोन संख्या एकमेकींतून वजा कराव्या लागतात, आणि त्या हजारात एक भाग किंवा त्याहूनही जास्त अचूकतेने जुळाव्या लागतात. जे जुळवणं टाळण्यासाठी सुपरसिमेट्री आणली, त्याचा एक तुकडा मागच्या दाराने परत आला.

नंतरच्या थेट शोधांनी हेच चित्र पक्कं केलं. १३ टीईव्ही ऊर्जेवर लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या अॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांनी ग्लुइनोची मर्यादा साध्या गृहीतकांखाली २.२ ते २.४ टीईव्हीपर्यंत आणि स्टॉपची सुमारे १.२ ते १.३ टीईव्हीपर्यंत नेली. ‘साध्या गृहीतकांखाली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जोडीदार आणि सर्वांत हलका कण यांच्या वस्तुमानांत फरक थोडा असेल, तर बाहेर पडणारी ऊर्जा कमी होते आणि मर्यादा बऱ्याच ढिल्या पडतात. तरीही मी त्या पळवाटेवर भिस्त ठेवणार नाही. हिग्जचं वस्तुमान, म्युऑनचं न दिसलेलं विघटन आणि कोलायडरचे निकाल हे तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवत असताना, स्क्वार्क-स्लेप्टॉन जड आहेत हाच त्यांचा सरळ अर्थ. आणि ओघात सांगते: म्युऑनच्या चुंबकीय आघूर्णात २०२१ मध्ये जी तफावत गाजली आणि जिच्यावर हलक्या सुपरसिमेट्रीचे कितीतरी शोधनिबंध निघाले, ती २०२५ मध्ये लॅटिस गणितांवर (अवकाश-काळाची जाळी कल्पून संगणकावर केलेल्या हिशेबांवर) आधारलेला नवा सैद्धांतिक आकडा स्वीकारल्यावर मावळली. त्या दारातूनही आता कुणी येणार नाही.

मग उरलं काय? माझ्या मते बरंच उरलं, आणि त्यात एक गोष्ट फार बोलकी आहे. तिन्ही बलांच्या तीव्रता वरच्या ऊर्जेकडे नेल्या तर सुपरसिमेट्रीत त्या २ गुणिले १० चा १६वा घात जीईव्हीजवळ एकत्र येतात. लेपच्या अचूक मोजमापांतून १९९१ मध्ये हे ठळकपणे पुढे आलं. हे एकत्र येणं स्क्वार्क आणि स्लेप्टॉनांच्या वस्तुमानावर फारसं अवलंबून नाही, कारण ते एकत्रीकरण सिद्धांताच्या पूर्ण कुटुंबांमध्ये येतात आणि तिन्ही रेषांना सारखंच वळवतात. रेषा जुळवण्याचं काम करतात ते मुख्यतः गेजिनो (ग्लुइनो, विनो यांसारखे बलवाहक कणांचे जोडीदार) आणि हिग्जिनो. कृष्णद्रव्याचा उमेदवारही याच गटात आहे. म्हणजे स्क्वार्क दहा टीईव्हीवर किंवा हजारो टीईव्हीवर असले, तरी बलांचं एकत्रीकरण आणि कृष्णद्रव्य या दोन्ही गोष्टी शाबूत राहतात. जाते ती फक्त हिग्जची ‘स्वाभाविकता’. अर्कानी-हमेद आणि दिमोपुलोस यांनी २००४ मध्ये हे उघडपणे मांडलं तेव्हा अनेकांना तो अतिरेक वाटला. १२५ जीईव्हीचा हिग्ज त्या चित्रात आज नीट बसतो.

आता कृष्णद्रव्य. एक गोष्ट आधी स्पष्ट व्हायला हवी, कारण प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. कृष्णद्रव्याचा पुरावा सुपरसिमेट्रीवर उभा नाही. आकाशगंगांच्या फिरण्याचा वेग, गुरुत्वीय भिंग, आणि प्लँक उपग्रहाने मोजलेले सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीतले चढउतार यांतून ते नेहमीच्या द्रव्याच्या पाचपटीहून थोडं जास्त आहे असं दिसतं. सुपरसिमेट्री उद्या नाहीशी झाली तरी हे द्रव्य जागचं हलणार नाही.

सुपरसिमेट्रीत स्थिर कण आला तो वेगळ्याच गरजेतून. मोकळं सोडलं तर हा सिद्धांत प्रोटॉनला क्षणात विघटित करतो. सुपर-कामिओकांदे प्रयोगानुसार एका प्रमुख मार्गाने होणाऱ्या विघटनासाठी प्रोटॉनचं आयुष्य १० च्या ३४व्या घाताहून जास्त वर्षं आहे. म्हणून आर-पॅरिटी नावाचा नियम आणला: जोडीदार कण नेहमी जोडीनेच निर्माण किंवा नष्ट होतात. मग सर्वांत हलक्या जोडीदाराला विघटनाला वाटच राहत नाही. प्रोटॉन वाचवायला गेलो आणि कृष्णद्रव्याचा उमेदवार हाती लागला.

पण सर्वांत हलका कोण? हे मोडण्याची पद्धत सांगते. खबर गेज बलांनी, म्हणजे वरच्या दुसऱ्या मध्यस्थाने, आणली असेल, तर सर्वांत हलका कण ग्रॅव्हिटिनो. वरच्याच सूत्रात मोडण्याची पातळी १० चा ५वा घात जीईव्ही घातली, तर त्याचं वस्तुमान जेमतेम काही इलेक्ट्रॉनव्होल्ट येतं. इतका हलका ग्रॅव्हिटिनो कृष्णद्रव्याचा मुख्य घटक होऊ शकत नाही, कारण तो सुरुवातीच्या विश्वात फार वेगाने पळतो आणि लहान आकाशगंगा बनू देत नाही. पातळी वर गेली की तो जड होतो आणि उमेदवार म्हणून चालतो, पण जमिनीखालच्या कुठल्याच उपकरणात तो दिसणार नाही. खबर गुरुत्वाकर्षणाने आणली असेल, तर ग्रॅव्हिटिनो जड असतो, आणि उपद्रवीही. एक टीईव्हीच्या आसपासचा ग्रॅव्हिटिनो महास्फोटानंतर काही दिवस जगून मग विघटित होतो, आणि तोवर तयार झालेली ड्युटेरियम, हेलियम, लिथियमची केंद्रकं फोडतो. आज मोजलेलं त्यांचं प्रमाण बिघडू नये, तर सुरुवातीच्या विश्वाच्या तापमानावरच मर्यादा येते. ग्रॅव्हिटिनो दहापट-शंभरपट जड केला की तो केंद्रकं तयार होण्याआधीच संपतो. स्क्वार्क जड असण्याच्या बाजूचं हे आणखी एक कारण.

राहतो न्यूट्रलिनो, म्हणजे विद्युतभार नसलेला जोडीदार कण: बिनो (विद्युतक्षीण बलाच्या दुसऱ्या एका वाहकाचा जोडीदार), विनो किंवा हिग्जिनो, किंवा त्यांचं मिश्रण. शुद्ध बिनो एकमेकांना नष्ट करण्यात फार मंद असतो, त्यामुळे तो विश्वात प्रमाणाबाहेर उरतो. त्याच्या वस्तुमानाला अगदी लागून दुसरा कण असेल तरच हिशेब जमतो. विनो योग्य प्रमाणात उरायचा तर तो सुमारे २.७ ते ३ टीईव्हीचा असावा लागतो. मात्र इतका विनो आकाशगंगेच्या केंद्रातून जो गॅमा प्रकाश पाठवेल, तो गॅमा किरण टिपणाऱ्या हेस दुर्बिणींना बहुधा दिसायला हवा होता. केंद्राजवळ कृष्णद्रव्य दाटलेलं नसून सपाट पसरलेलं असेल, तरच त्याची सुटका आहे.

हिग्जिनोसाठी आकडा येतो १.१ टीईव्ही. मला विचाराल तर आज सर्वांत लक्ष द्यावं असा उमेदवार हाच, म्हणून त्यावर थोडं जास्त सांगते. हिग्जिनो पूर्ण शुद्ध असता तर झेड बोसॉनद्वारे केंद्रकांवर इतक्या जोरात आदळला असता की तो केव्हाच पकडला गेला असता किंवा बाद झाला असता. गेजिनोंशी अगदी किंचित मिश्रण झालं की त्याच्या दोन किंचित वेगळ्या वस्तुमानांच्या अवस्था होतात, आणि त्यांच्यातला फरक काही शे केईव्ही असला तरी ती टक्कर ऊर्जेअभावी बंद पडते. पण मिश्रण जास्त झालं की हिग्जद्वारे टक्कर वाढते. आणि तिथे दक्षिण डाकोटातल्या जुन्या होमस्टेक खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, सात टन द्रव झेनॉन घेऊन बसलेला एलझेड प्रयोग वाट पाहतोय. त्याने २०२४ मध्ये सांगितलेली मर्यादा ४० जीईव्हीच्या आसपास २.२ गुणिले १० चा उणे ४८वा घात चौरस सेंटिमीटर आहे. एक टीईव्हीपाशी ती बरीच ढिली, तरीही भरपूर मिश्रण असलेले उमेदवार तिने कापून काढले आहेत. उरलेला जवळपास शुद्ध हिग्जिनो मात्र अशा पातळीवर आहे, जिथे न्यूट्रिनोंच्याच टकरा उपकरण भरून टाकतात. केवळ झेनॉनच्या टाक्या मोठ्या करून तिथे पोहोचणं अवघड आहे.

कोलायडरमध्ये काय? शुद्ध हिग्जिनोचा विद्युतभारित भाऊ त्याच्यापेक्षा फक्त ३४० एमईव्हीच्या आसपास जड असतो. तो सेंटिमीटरभरही न जाता एका मंद पायॉनमध्ये आणि अदृश्य हिग्जिनोमध्ये विघटित होतो. अशा तोकड्या रेघा शोधण्याचं काम अतिशय कौशल्याचं आहे, तरीही सध्याची मर्यादा २०० जीईव्हीच्या आसपासच थांबते. १.१ टीईव्ही या यंत्राच्या आवाक्यात नाही, पुढच्या जास्त तीव्रतेच्या टप्प्यातही येणार नाही. म्हणून ‘कोलायडरने सुपरसिमेट्रीचं कृष्णद्रव्य नाकारलं’ हे विधान चूक आहे. या उमेदवारापर्यंत तो पोहोचलेलाच नाही.

पोहोचेल कोण, तर पहिली संधी चेरेन्कोव्ह टेलिस्कोप अॅरे या नव्या गॅमा दुर्बिणींची. दोन हिग्जिनो एकमेकांना नष्ट करतात तेव्हा १.१ टीईव्हीच्या जवळ एक बारीक वर्णरेषा उमटते, आणि नेहमीची कुठलीही खगोलीय घटना तशी रेषा देत नाही. पुरेसं दीर्घ निरीक्षण झालं आणि आकाशगंगेच्या केंद्रात कृष्णद्रव्याची दाटी बरी असली, तर ती दिसू शकते. दुसरी वाट इलेक्ट्रॉनच्या द्विध्रुव आघूर्णाची: गेजिनो फार वर नसतील आणि त्यांच्यात द्रव्य-प्रतिद्रव्य सममिती मोडणाऱ्या कला (फेज) असतील, तर पुढच्या मोजमापांत काहीतरी हाती लागावं. आणि खात्रीचा निकाल हवा असेल तर १०० टीईव्हीच्या घरातला प्रोटॉन कोलायडर किंवा दहा टीईव्हीचा म्युऑन कोलायडर लागेल. दोन्ही आज फक्त आराखड्यांत आहेत.

या यादीत मी मुद्दाम एक मर्यादा घालून घेते. १.१ टीईव्ही हा आकडा सुरुवातीच्या विश्वात हिग्जिनो औष्णिक समतोलात होता या गृहीतकावर उभा आहे. तो आकडा अशा एखाद्या कोलायडरवर नीट तपासला गेला आणि तिथे काहीच नसेल, तर ‘सुपरसिमेट्रीचं कृष्णद्रव्य समतोलातून उरतं’ या म्हणण्याचा सर्वांत साधा आधार जाईल. मग उरतील अॅक्सिऑन (कृष्णद्रव्याचा दुसरा एक, अतिशय हलका काल्पनिक कण), ग्रॅव्हिटिनो आणि छुप्या क्षेत्रातले कण, आणि त्यांचा शोध अगदी वेगळ्या उपकरणांनी घ्यावा लागेल. तोवर विद्यार्थ्यांनी विचारलं तर मी त्यांना स्क्वार्कमागे धावू नका असंच सांगते. हिग्जिनोचा हिशेब स्वतः हाताने करून पाहा. गेजिनोचं वस्तुमान दोन टीईव्हीवरून शंभर टीईव्हीवर नेलं की त्या दोन अवस्थांमधला फरक आणि केंद्रकाशी होणारी टक्कर कशी बदलते हे दोन पानांत निघतं, आणि कोणता प्रयोग नेमकं काय पाहू शकतो हे त्यातून सर्वांत चांगलं कळतं.